घटाच्या आधी धुतलेलं इंजिन

अण्णांची मोटारसायकल गेल्या भाद्रपदात चढावर दम टाकू लागली, तेव्हा तिच्या धुराचा रंग कोणता यावर आमच्या घरात तीन मतं पडली. अण्णा म्हणाले, काळा. आई म्हणाली, धुराला कसला आलाय रंग, धूर तो धूर. मी म्हणालो, निळसर. मी बी.एस्सी. झालोय, कळंबच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळं धूर निळसर ठरला.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. ऑइल जाळतंय म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्यात. रिंगा गेल्यात म्हणजे इंजिन खोलायचं. नववीच्या वर्गाला सांगतो तसं मी हे अण्णांना एकेक पायरी करून सांगितलं. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "दसऱ्यापस्तोर जोडून व्हईल नव्हं?"

मी म्हणालो, त्याच्या कितीतरी आधी.

दसऱ्याचं त्यांनी उगीच विचारलं नव्हतं. अण्णांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, डोंगरापलीकडच्या गावात असते. अण्णा रांगत होते तेव्हाच त्यांची आई गेली आणि आत्यानं त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. तिचं लग्न झाल्यापासून दर दसऱ्याला अण्णा गावची शीव ओलांडून तिला आपट्याचं सोनं द्यायला जातात. आधी पायी जायचे, मग सायकलवर, आणि मला कळतंय तेव्हापासून या मोटारसायकलवर. भावाच्या हातचं सोनं मिळेपर्यंत आत्या त्या दिवशी जेवत नाही. आता ती ऐंशीच्या घरात आहे. तरी तिनं हा नेम सोडलेला नाही, आणि तिला सोड म्हणायची आमच्यात कुणाची छाती नाही.

माझी स्वतःची गाडी आहे, बऱ्यापैकी नवी आहे. तिच्यावरून मी अण्णांना कुठंही नेलं असतं. पण अण्णा कुणाच्या मागं बसत नाहीत. उभा जन्म त्यांनी दुधाचे कॅन मागं बांधून भूमकडच्या खव्याच्या भट्टीवर दूध घातलं. त्यातूनच माझी फी, माझी पुस्तकं, माझी खोली निघाली. मागं बसतो तो माल, अशी त्यांची पक्की समजूत झालेली आहे. एकदा मी फारच आग्रह केला तेव्हा म्हणाले, "मागं कॅन बसतेत. मी कॅन न्हाय." आत्याच्या गावाला सरळ एसटीही नाही. म्हणजे गाडी चालू झाली नाही, तर दसऱ्याला डोंगराच्या त्या बाजूला एक म्हातारी उपाशी बसणार आणि या बाजूला एक म्हातारा उंबऱ्यावर बसून राहणार. हे सगळं माहीत असताना मी हातात पाना घेतला.

गाडी मेकॅनिककडं टाकता आली असती. पण चार स्ट्रोकचं इंजिन मी फळ्यावर इतक्या वेळा काढलंय, की डोळे मिटूनही काढीन. शोषण, संपीडन, ज्वलन, निष्कासन. पोरं झोपेत म्हणून दाखवतील. खरं इंजिन आतून कधी बघितलं नव्हतं, पण ते फळ्यावरच्यापेक्षा फार वेगळं असेल असं मला वाटलं नाही. मोबाइलवर एका माणसानं संपूर्ण इंजिन खोलून जोडल्याचा व्हिडिओ होता. तो मी जेवताना बघून ठेवला.

पितृपंधरवडा चालू होता. आई म्हणाली, पंधरवड्यात नवं काम काढू नये. मी म्हणालो, हे नवं कुठंय, हे तर माझ्यापेक्षा जुनं आहे.

रविवारी सकाळी पत्र्याच्या शेडात खताचं रिकामं पोतं अंथरलं आणि सुरुवात केली. आधी सीट निघालं, टाकी निघाली. मग सीटखालचा हवेचा काळा डबा निघाला. तो काही इंजिनाचा भाग नव्हता, म्हणून मी तो भिंतीकडं सरकवून दिला. मग इंजिन उतरवलं आणि एकेक भाग ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं पोत्यावर मांडत गेलो. प्रत्येक भागाखाली खडूनं आकडा लिहिला, प्रत्येक बोल्ट आपापल्या भागाशेजारी ठेवला. फोटो काढून ठेवावेत असं त्या व्हिडिओतला माणूस सांगत होता, पण एवढी सरळ मांडणी समोर असताना फोटोची काय गरज. संध्याकाळपर्यंत शेडात विज्ञान प्रदर्शन भरल्यासारखं दिसू लागलं. शेजारचे येऊन बघून गेले. एकानं विचारलं, "विकायला मांडलंय का मास्तर?"

अण्णा मात्र बाजूला उकिडवे बसून मनापासून बघत होते. त्यांनी कशालाही हात लावला नाही. त्यांच्या लेखी ते आता शिकलेल्या माणसाचं काम होतं.

सिलिंडर घासून, म्हणजे बोअर मारून आणणं घरी जमण्यासारखं नव्हतं. म्हणून पुढच्या आठवड्यात मी सिलिंडर जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून शाळेत नेला, सकाळी जाता जाता कळंबच्या लेथवर टाकला आणि शाळा सुटल्यावर नवा पिस्टन, नव्या रिंगा आणि गुळगुळीत झालेला सिलिंडर घेऊन घरी निघालो. फार खुशीत होतो. एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. घट दोन दिवसांवर आले होते आणि घर धुवायचा दिवस आईनं नेमका तोच धरला होता.

आमच्याकडं घट बसायच्या आधी घर धुतात म्हणजे नुसतं घर धुत नाहीत. गोधड्या, सतरंज्या, डबे, माळ्यावरची कधी न लागणारी पातेली, भिंतीवरच्या तसबिरी, जे जे उंबऱ्याच्या आत आहे त्या सगळ्याला पाणी लागलंच पाहिजे. शेड उंबऱ्याच्या आत येतं का बाहेर, हा प्रश्न मला त्याआधी कधी पडला नव्हता. आईला तो पडला आणि तिनं तो माझ्या माघारी सोडवला.

अंगणात दोरीवर गोधड्या वाळत होत्या. बाजेवर भांडी पालथी घातली होती. भांड्यांच्या पुढं, दोन पाटांवर, माझं इंजिन होतं. राखेनं आणि साबणानं घासलेलं, लखलखीत, आणि फळीवर डबे लावतात तसं मोठ्याकडून लहानाकडं लावलेलं. सगळ्यात पुढं क्लचचं घर, मग उतरत्या क्रमानं गिअर, शेवटी वाट्या लावाव्यात तशा वायसरी, म्हणजे वॉशर. बोल्ट सगळे मिळून पोळ्यांच्या डब्यात. आणि ज्याच्यावर माझे खडूचे आकडे होते ते पोतं धुऊन गोधड्यांच्या शेजारी टांगलं होतं.

"गंजू न्हाय म्हणून करडईचं तेल लावलंय समद्याला," आई म्हणाली. "तव्याला लावते तसंच."

मी म्हणालो, "आई, त्याच्यात एक क्रम होता."

"कसला क्रम? चिखलात म्हस लोळावी तसं लडबडलं होतं समदं. देवी बसायची हाय घरात."

मी बायकोकडं बघितलं. ती गोधडीच्या पलीकडं तोंड लपवून हसत होती. तिनं सांगितलं, की तिनं सासूबाईंना म्हटलं होतं, ह्यांना विचारून घेऊ. त्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, इचारलं तर नगं म्हणंल.

अण्णांनी पाटावरचा एक गिअर उचलून उन्हात धरला, फिरवून बघितला. म्हणाले, "लई चकचकीत निघालंय. नवं आणल्यावानी."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी शेडात. प्रत्येक भागाला एकच जागा असते, त्यामुळं नीट विचार केला तर सगळं आपोआप जागेवर जाईल, असं तत्त्व मी मनाशी ठरवलं होतं. मोठ्या भागांनी ते पाळलं. वायसरींनी पाळलं नाही. त्या कुठंही बसत होत्या आणि सगळीकडं बरोबरच दिसत होत्या. पहिल्यांदा इंजिन बंद केलं तेव्हा बोल्ट उरले. पुन्हा खोलून जोडलं तेव्हा कमी पडले. व्हिडिओतल्या माणसाचं इंजिन वेगळ्या गाडीचं होतं हे तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

मध्ये एकदा इंजिनातली वरची चेन एक दात चुकीची बसली आणि मी किक मारल्यावर किकनं मला उलट मारली. क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात हे मी दरवर्षी शिकवतो. ती प्रतिक्रिया मात्र क्रियेपेक्षा जास्त होती. दोन दिवस वर्गात लंगडत फिरलो. पोरांनी विचारलं तर सांगितलं, प्रयोग चाललाय.

संध्याकाळी अण्णा शेडाच्या दाराशी येऊन विचारायचे, कुठवर आलं. मी सांगायचो, सत्तर टक्के. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा खोललेलं असायचं, तरी मी सत्तरच सांगायचो, कारण त्याच्या खाली उतरायची लाज वाटायची. त्यांचं दूध आता शेजाऱ्याच्या टेम्पोतून जात होतं. भट्टीवर त्यांची दोस्तमंडळी बसायची, तिकडं जाणं बंद झालं होतं. दिवसभर ते दारातल्या दगडावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, पोरगं इंजिन करायलंय.

सातव्या माळेला आत्याचा फोन आला. दरवर्षी येतो. मी आत पिस्टनची पिन घालत होतो, मला अण्णांचंच बोलणं ऐकू आलं.

"येतो की. न येऊन कसं? ... न्हाय न्हाय, गाडी नवी व्हायलीय आक्का. घरातच करायलंय पोरगं ... व्हय, त्याला येतं समदं."

पिन हातातून निसटली ती शोधायला मला बराच वेळ लागला. त्यात अंधार हे कारण नव्हतं.

खंडेनवमीला घरातली हत्यारं देवीपुढं मांडतात. कोयता, विळा, कुऱ्हाड, टिकाव, आणि या वर्षी माझे पाने, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या पूजेपर्यंत त्यांना हात लावायचा नसतो. दुपारपर्यंत माझं वरचं झाकण बसायचं राहिलं होतं. आई दारात परडी घेऊन उभी राहिली. मी म्हणालो, थोडा वेळ दे. ती म्हणाली, देवी थांबायला तुझ्या शाळंतली न्हाय. तरी थांबली. मी शेवटचा बोल्ट आवळला आणि पाना तसाच ग्रीसचा तिच्या परडीत टाकला. तिनं तो पदरानं पुसला, हळदकुंकू लावलं आणि कोयत्याच्या शेजारी ठेवला.

म्हणजे आता काही चुकलं असेल तर ते दुरुस्त करायला माझ्याकडं काहीच नव्हतं. गाडी अंगणात आणली. किक मारली. नाही. पुन्हा मारली. नाही. पाय दुखेपर्यंत मारली. बायको हसायची थांबली होती, यावरून परिस्थिती कळली. अण्णा कडुनिंबाला टेकून उभे होते आणि माझ्याकडं न बघता गाडीच्या चाकाकडं बघत होते. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना म्हणून मी खाली वाकलो, आणि वाकल्यावर दिसलं, की टाकीचा कॉक मी उघडलाच नव्हता.

कॉक उघडल्यावर दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि अख्ख्या आळीत करडईच्या तेलाचा खमंग वास पसरला. भिंतीपलीकडून शेजारणीनं आईला विचारलं, "भजी काढायलाव का वो काकू?"

अण्णांनी गाडीच्या टाकीवर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि घरात जाऊन उद्यासाठी धुतलेलं धोतर काढून ठेवायला सांगितलं.

दसऱ्याला निघताना मी एक नियम घातला. नवा पिस्टन बसवला की सुरुवातीला गाडी हळू चालवायची असते, नाहीतर तो तापून सिलिंडरला धरतो, अडकून बसतो. तीसच्या वर न्यायची नाही. अण्णांच्या गाडीचा काटा किती वर्षांपासून मेलेला आहे, त्यामुळं त्यांना तीस कळणार कसे? त्यावर मी असा उपाय काढला, की माझ्या गाडीवरून मी पुढं चालायचं आणि त्यांनी मागं राहायचं. ते बरं म्हणाले. त्यांच्या मागं आई बसली, मांडीवर आपट्याच्या डहाळ्या घेऊन, आणि आमची मिरवणूक शिवेबाहेर पडली.

आम्हाला सगळ्यांनी मागं टाकलं. जीपनं टाकलं, उसाच्या रिकाम्या ट्रॉलीनं टाकलं, उतारावर एका सायकलवर बसलेल्या दोन पोरींनी टाकलं आणि जाताना मागं वळून बघितलं. एका ओळखीच्या माणसानं थांबून अण्णांना विचारलं, बंद पडायलीय का. अण्णा म्हणाले, न्हाय, नवी हाय. घाटात गाडी जराही न कण्हता चढली. ते मी आरशात बघितलं आणि त्या वेळी मला स्वतःचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पदवीच्या दिवशीही वाटला नव्हता. ऊन डोंगराला टेकलं होतं. आत्या उपाशी होती. अण्णांनी एकदाही गाडी पुढं काढली नाही.

पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आत्या ओट्यावर बसली होती, पण आम्ही अगदी समोर जाईपर्यंत उठली नाही.

"मला वाटलं दुसऱ्याच कुणाची गाडी," ती म्हणाली. "तुझी तर आधी खोकती, मग येती. आन् वखत किती केलास?"

"नवं इंजिन हाय आक्का," अण्णा म्हणाले. "हळू न्यायचं आसतं."

त्यांनी तिच्या हातात सोनं ठेवलं आणि पायावर डोकं टेकवलं. तिनं त्यांच्या पाठीवर हात फिरवला, डहाळी देवापुढं ठेवली आणि म्हणाली, चला आता, पोटात कावळे वरडायलेत.

जेवताना आईनं घर धुतल्याची हकीकत सुरू केली. आत्याला घरचं सगळं साग्रसंगीत सांगायचं असतं. गोधड्या झाल्या, माळा झाला, आणि मग आई शेडात शिरली.

"काय घाण म्हणून सांगू वन्सं. सीटाखाली एक काळा डबा आसतोय, त्याच्यात उंदरानं सौंसार मांडलता. गोधडीच्या चिंध्या काय, सोयाबीन काय. वास सुटला होता. समदं उपसून धुतला डबा तवा कुठं गेला. सोयाबीन कोंबड्यांम्होरं टाकलं."

माझा पुरणपोळीचा घास हातातच राहिला. इंजिन त्या डब्यातून श्वास घेतं. त्यात चिंध्या कोंबल्या तर हवा जात नाही, पेट्रोल अर्धवट जळतं, गाडी चढावर दम टाकते आणि धूर काळा निघतो. निळसर नाही, काळा. अण्णा म्हणाले होते तसा. म्हणजे गाडीची दुरुस्ती घट बसायच्या दोन दिवस आधी, आईच्या हातून, मी कळंबला वर्गात असतानाच झाली होती. पुढं मी जे केलं ते माझ्या हौसेचं होतं. नंतर घरी तो व्हिडिओ पहिल्यापासून बघितला. इंजिनाला हात लावण्याआधी हवेचा डबा उघडून बघा, हे त्या माणसानं सुरुवातीलाच सांगितलंय. तो भाग मी पुढं ढकलला होता, कारण त्यात तो फार साध्या गोष्टी सांगत होता.

मी गप्प बसू शकलो असतो. पण शिक्षकाला समजलेली गोष्ट समजावून सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी ताटावर बसल्या बसल्या सगळ्यांना सांगितलं, हवा, पेट्रोल, धूर, सगळं. अण्णांनी शेवटपर्यंत मान खाली घालूनच ऐकलं.

"मग इंजिन कशाला खोललंस रे?" आत्यानं विचारलं.

उत्तर अण्णांनी दिलं. "शिकलेला हाय आक्का," ते म्हणाले, "आत बघितल्याबिगर त्याला पटत न्हाय."

या वाक्यात कुठं टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधला. नव्हता. माझं शिक्षण असंच चालतं असं त्यांना खरोखर वाटत होतं, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नव्हती.

"मग काय दिसलं आत?" आत्या मला सोडायला तयार नव्हती.

"रिंगा झिजल्या होत्या. थोड्या."

"थोड्या," आत्या आईकडं बघून म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

निघताना अण्णांनी किक मारली आणि सवयीनं माझ्या मागं येऊन उभे राहिले. मी पुढं होईन म्हणून थांबले होते. "जाताना बी तीसच का?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच माहिती हवी होती.

नवा पिस्टन, तापमान, घर्षण, सगळं मला पाठ होतं. मी गाडी बाजूला घेतली. "तुम्ही व्हा पुढं, अण्णा," म्हणालो.

त्यांनी गिअर टाकला. आईनं पदर खोचला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वेशीपर्यंत ते माझ्या दिव्याच्या उजेडात होते, पहिल्या वळणावर निसटले. त्यांच्या मागचा लाल दिवा दिसायला पाहिजे होता, पण इंजिन उतरवताना सोडलेली ती वायर मी जोडायचीच विसरलो होतो. त्यामुळं दिसत काहीच नव्हतं. डोंगराच्या अंगानं आवाज तेवढा येत होता, आणि मी तो कान देऊन ऐकत होतो, कुठं खाली येतो का म्हणून. चढ संपेपर्यंत तो काही खाली आला नाही. मी मागून येतच होतो, तीसनं.